दोन सेन्सर आणि एक चढ

आमच्या गाडीच्या एक्झॉस्टला मी हात लावला तो केवळ आवाजासाठी. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे मला आणखी बरंच काही कबूल करायचं आहे आणि हात बसलेला बरा.

पस्तीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात काढली. शहराच्या पोटात कोणती नळी कुठून येते आणि कुठे जाते, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. कोणी झोपेतून उठवून विचारलं नाही, हा भाग वेगळा. निवृत्त झालो त्या दिवशी खात्याने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरच्यांनी माझं ऐकणं बंद केलं. मी काही सांगू लागलो की बायको "हं" म्हणते. ती तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. समोरचा कितीही बोलत असला तरी त्याची लाइन नेमकी कधी काढून घ्यायची, हे तिला कळतं. अशा परिस्थितीत माणसाला वाटतं, निदान आपल्या गाडीने तरी जरा खर्जात बोलावं.

त्याच सुमारास बायकोने गाडी शिकायला घेतली. वय एकसष्ट. तिची धाकटी बहीण दोन तासांच्या अंतरावर राहते. तिच्याकडे जायचं तर आधी माझ्या कानावर घालावं लागतं, मग मी टायरची हवा बघतो, मग रस्त्याबद्दल मत देतो, मग रस्त्यावरच्या लोकांबद्दल, आणि पोचेपर्यंत दोघी बहिणींचा बोलायचा अर्धा वेळ माझ्या मतात गेलेला असतो. तिला कोणालाही न विचारता, मनात येईल त्या दिवशी, एकटीने जायचं होतं. एवढंच. पण एवढंच तिला तीस वर्षांपासून हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

परीक्षेचा नियम असा की गाडी स्वतःची आणायची, गियरवाली, आणि शिकाऊ परवान्यावर तीनच संधी. तिसऱ्यांदा नापास झालं की परवाना रद्द, मग लेखीपासून पुन्हा सुरुवात. "पुन्हा सुरुवात करायला मी काय कॉलेजात आहे का?" ती म्हणाली होती. "तीनदा झालं की झालं. मग मी तुमच्या शेजारीच बसेन आणि मतं ऐकेन." ही धमकी होती की शिक्षा, आणि नेमकी कोणाला, हे मी विचारलं नाही.

पहिल्या संधीला तिचा मागचा टायर एका रबरी शंकूला घासला. तो शंकू आडवा पडला आणि परीक्षकाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू माणूसच पडलाय. दुसऱ्या संधीला अजून दहा दिवस होते. तेवढ्यात ती बसने तीन दिवसांसाठी बहिणीकडे गेली आणि मी गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेलो.

हे मिस्त्री सायलेन्सरचे. बाकी गाडीशी त्यांना देणंघेणं नाही. इंजिनाबद्दल विचारलं तर ते "त्या बाजूला विचारा" असं म्हणून बोट दाखवतात.

"मिस्त्री, आवाज खर्जातला पाहिजे. ओरडायला नको," मी म्हणालो.

"काका, असा बसवतो की गाडी गल्लीत वळली की लोक उठून उभे राहतील."

"उभे नको राहायला. कळलं तरी पुरे."

मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर चढवली, खाली उभं राहून नळीवर टॉर्च मारला आणि तोंडाने च्च केलं. नळीत दोन सेन्सर होते. मधल्या जाड डब्यात धूर स्वच्छ होतो. एक सेन्सर त्या डब्याच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. पुढचा इंजिनाचा धूर हुंगतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो की पेट्रोल जास्त झालं, कमी कर. कमी झालं, वाढव. मागचा फक्त डबा काम करतोय ना, एवढं बघतो. आमच्या खात्याच्या भाषेत पुढचा कारकून आणि मागचा साहेब. दिसायला मात्र दोघे जुळे भाऊ. तेच आटे, तीच लांबी, तसाच प्लग. आमची गाडी अशा काळातली आहे की तेव्हा कारकून आणि साहेब एकाच कापडाचे कपडे घालायचे.

"हे आधी काढायचे," मिस्त्री म्हणाले. "वेल्डिंगची आच लागली की गेले. आणि थंड नळीतून निघत नाहीत, आटे फाटतात. इंजिन जरा गरम करू."

इंजिन गरम केलं, आट्यांवर तेल फवारलं, वायर जायला फट असलेला खास पाना लावला. पुढचा सेन्सर सुटला. मागच्याने मिस्त्रींकडून त्यांच्या सगळ्या शिव्या वसूल केल्या आणि मग सुटला. मिस्त्रींनी दोन्ही माझ्या हातात दिले. "धरा काका. जिवापाड जपा. आतली वस्तू चिनीमातीची असते."

मग त्यांनी डोळ्यांवर काच ओढली, निळा उजेड पडला आणि मी चेहरा फिरवला. चेहरा फिरवताना हातातला एक सेन्सर निसटला. फरशीवर एकदा टण् वाजला, मग घरंगळत जाऊन टेबलाच्या पायाशी थांबला. मिस्त्रींना काही ऐकू गेलं नाही. मी सेन्सर उचलला, फुंकर मारली, सदऱ्याला पुसला आणि त्याच्या भावाशेजारी परत धरला. दोघांपैकी पडलेला कोणता, हे पाच मिनिटांनी मलाही सांगता आलं नसतं.

नवी नळी बसली. सेन्सर आपापल्या भोकात घट्ट झाले. आता राहिल्या वायरी. वर गियरबॉक्सजवळ एका पट्टीवर शेजारीशेजारी दोन प्लग होते. जुन्या जोडणीत पुढच्या सेन्सरची वायर मागच्या सेन्सरच्या वायरीवरून आडवी जाऊन पलीकडच्या प्लगला लागलेली होती, आणि मागची तिच्या खालून अलीकडच्या. बघूनच मला कसंतरी झालं.

"मिस्त्री, हे असं काय? एकमेकींवरून गेल्यात."

"कंपनीचंच असेल."

"कंपनीचं असू दे. आमच्या खात्यात नळीवरून नळी नेणाऱ्या माणसाची बदली व्हायची. सरळ करा की."

मिस्त्रींनाही टापटिपीची हौस. त्यांनी दोन्ही वायरी सरळ वर नेल्या, ज्याला जो प्लग जवळ त्याला तो लावला आणि चिमट्याने प्लास्टिकची पट्टी आवळली. वहीच्या दोन रेघांसारखं दिसू लागलं. आम्ही दोघं खाली उभं राहून बराच वेळ वर बघत होतो. मिस्त्रींनी फोटोही काढला.

जुना पाइप मी घरी आणला आणि गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली आडवा ठेवला. टाकून कसा द्यायचा, चांगला होता.

बायको परत आली. गाडी सुरू झाल्यावर तिने मान तिरपी करून ऐकलं.

"गाडीला सर्दी झालीय का?"

"खर्ज आहे तो."

"हं. आणि हा पिवळा दिवा कसला?"

समोरच्या पट्टीवर इंजिनाच्या आकाराचा एक दिवा लागला होता. मला तो पहिल्या दिवसापासून नळासारखा दिसतो, त्यामुळे त्याच्याबद्दल वाईट वाटत नव्हतं. "हा लागतोच आजकाल," मी म्हणालो. "सगळ्यांच्या गाडीत लागतो."

गाडी चालू असेपर्यंत ठीक होती. थांबली की इंजिन वर चढायचं, खाली यायचं, निघतो निघतो म्हणत पुन्हा टेकणाऱ्या पाहुण्यासारखं. मी मनाशी म्हटलं, नवी नळी आहे, रुळेल.

दुसऱ्या परीक्षेत शेवटी चढ होता. चढावर गाडी पूर्ण थांबवायची आणि मागे न घसरता पुढे न्यायची. बायकोची गाडी चढावर थांबली आणि बंद पडली. तिने पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा परीक्षकाने वही मिटली. मी भिंतीपाशी उभा राहून हे सगळं पाहिलं.

तिने किल्ल्या माझ्या हातात दिल्या. "तुम्हीच चालवा."

घरी आल्यावर तिने शिकाऊ परवाना टेबलाच्या खणात ठेवला, सुयादोऱ्यांच्या डब्याखाली. "माझाच पाय चुकला," ती म्हणाली. "क्लच कळतच नाही मला. एके काळी साठ लाइनी एका वेळी सांभाळायचे मी. आता एक पाय सांभाळता येत नाही."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "हं."

तिसऱ्या संधीला दोन आठवडे होते. मी दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींच्या शेजारच्या गाळ्यात गेलो. तिथे गाडीच्या वायरिंगचं काम करणारा एक माणूस बसतो, त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. त्याने स्टिअरिंगखाली एक वायर खुपसली आणि हातातल्या स्क्रीनवर दोन रेघा उमटल्या. वरच्या रेघेपुढे 'पुढचा' आणि खालच्या रेघेपुढे 'मागचा' असं लिहिलेलं होतं. खालची नाचत होती, वरची आडवी पडलेली.

"काका, पुढचा मेला," डॉक्टर म्हणाला. "पुढच्याने नाचायला पाहिजे सारखं. हा निपचित पडलाय. त्यामुळे कॉम्प्युटरला कळत नाही पेट्रोल किती सोडायचं, आणि गाडी बंद पडते. कोणी पाडला होता का?"

"पाडणार कोण?" मी म्हणालो. माझ्या सदऱ्यावर अजून डाग होता.

नवा सेन्सर घेतला. डॉक्टरने तो देताना लग्नाची मुलगी पाठवावी तशा सूचना दिल्या. टोकाला हात लावायचा नाही. तेल लागू द्यायचं नाही. पेट्रोलमध्ये धुवायचा नाही. आटे जाम होऊ नयेत म्हणून तांब्याचं मलम फक्त आट्यांवर, तेही बोटाच्या नखाएवढं. जवळपास कुठे रबरी गम लावायचा नाही, त्याच्या वाफेनेच हा मरतो. आणि बसवताना आधी प्लग सोडवायचा, नाहीतर सेन्सरबरोबर वायरीलाही पीळ बसतो. मी सगळं कागदावर लिहून घेतलं आणि मिस्त्रींना वाचून दाखवलं. मिस्त्री म्हणाले, "काका, मी वीस वर्षं हेच करतोय." पण ऐकलं सगळं.

मिस्त्रींनी नळीच्या पुढच्या भोकातला सेन्सर काढून तिथे नवा बसवला. डॉक्टरने स्क्रीन लावला. वरची रेघ तशीच आडवी. खालची तशीच नाचत.

"नवाही मेला," डॉक्टर म्हणाला.

"असा कसा मरेल? आत्ता तर खोक्यातून काढला."

"मग वायरमध्ये असेल. नाहीतर कॉम्प्युटरमध्ये. नाहीतर डब्यात." त्याने आणखी दोनतीन नाहीतर काढले. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "नळीत नाही एवढं नक्की."

पुढचा आठवडा मी अशा रीतीने घालवला की तो घालवला असं म्हणणंसुद्धा त्याचा मान राखण्यासारखं आहे. डॉक्टरने दिवा पुसला. दिवा संध्याकाळी परत आला. त्याने पुन्हा पुसला. या वेळी दुपारीच आला. मी वायर हाताने चाचपून पाहिली, फुंकर मारली, शिव्या दिल्या. मिस्त्रींनी नळीच्या जोडावर साबणाचं पाणी सोडून गळती शोधली. एकही बुडबुडा आला नाही. मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, ही गोष्ट कशीतरी कळली. त्याची स्वतःची गाडी बिनगियरची आहे, त्यामुळे त्याला गियरच्या गाड्यांबद्दल पुष्कळ माहिती असते.

"भाऊजी, बॅटरी काढून ठेवा अर्धा तास," त्याने फोनवर सांगितलं. "कॉम्प्युटर सगळं विसरतो."

मी बॅटरी काढली. कॉम्प्युटर काही विसरला नाही. रेडिओ मात्र सगळी स्टेशनं विसरला.

"मग एक तास काढायची होती," मेहुणा म्हणाला.

इकडे बायको खणाकडे फिरकत नव्हती. शुक्रवारी परीक्षा, आणि तिने बहिणीला फोनवर सांगितलं, "तूच ये गं इकडे. माझं काही खरं नाही." तिने ते इतक्या सहज सांगितलं की मी वर्तमानपत्राचं एकच पान तीनदा वाचलं. पाण्याच्या खात्यात असताना मी कधी गळती लपवली नव्हती. पाणी लपत नाही हेही एक कारण होतं.

बुधवारी दुपारी ती शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि एक शेंग उचलली.

"अगं, एक सांगायचंय."

"हं."

"एक्झॉस्ट बदलताना माझ्या हातून एक सेन्सर पडला होता. फरशीवर. मी कोणाला सांगितलं नाही."

"बरं."

"त्याच्यामुळे इंजिन वरखाली होतं. थांबलं की बंद पडतं."

ती शेंग सोलायची थांबली. "थांबलं की?"

"हो."

"म्हणजे चढावर..."

"गाडी बंद पडली. तुझा पाय बरोबर होता."

तिने ताटलीतले दाणे एका बाजूला केले, मग दुसऱ्या बाजूला केले. "बारा दिवस," ती म्हणाली. "बारा दिवस मी रोज सकाळी पलंगाच्या कडेला बसून क्लच दाबायचा सराव करतेय. पायाखाली उशी घेऊन."

"हं," मी म्हणालो.

"हं करू नका."

ती उठून गॅलरीत कपडे काढायला गेली. तिथे जुन्या पाइपला तिचा अंगठा ठेचकाळला. या पंधरवड्यात चौथ्यांदा. ती आतपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "उद्या सकाळी मी येते त्या मिस्त्रींकडे."

गुरुवारी सकाळी गाडी पुन्हा लिफ्टवर होती. मिस्त्रींनी बायकोसाठी स्टूल पुसून ठेवलं; ती बसली नाही. डॉक्टर स्क्रीन घेऊन आला. मी त्यांना म्हणालो, "मीच पाडला होता." डॉक्टरच्या चेहऱ्यावर पाहिजे तेवढा धक्का दिसला नाही. मिस्त्री म्हणाले, "काका, मला तेव्हाच ऐकू आलं होतं. तुमचं वय बघून गप्प बसलो."

"पण पडलेला गेला आणि नवाही तसाच," डॉक्टर म्हणाला. "म्हणून तर डोकं चालत नाही."

बायकोने स्क्रीन हातात घेतला. चष्मा कपाळावरून खाली आणला. "यातली कोणती कोणाची?"

"वरची पुढच्याची, काकी. तिने नाचायला पाहिजे. खालची मागच्याची, ती शांत असली पाहिजे."

"आणि इथे वरची शांत आणि खालची नाचतेय."

"हो, म्हणूनच पुढचा मेला असं..."

"दादा, शांत बसलेला माणूस मेलेलाच असतो असं नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काही नुसतेच गप्प असतात." डॉक्टरने मान डोलावली, त्याला वाटलं सेन्सरबद्दलच आहे.

तिने थोडा वेळ दोन्ही रेघा बघितल्या. "आमच्या एक्स्चेंजमध्ये असं झालं की आम्ही यंत्राला दोष द्यायचो नाही," ती म्हणाली. "बोलणारा गप्प आणि ऐकणारा बडबडतोय, म्हणजे आपणच लाइन चुकीच्या घरात लावली. मिस्त्री, ही बघायची कशी ते सांगते. एक लाइन काढा. कोणाचा आवाज जातो बघू."

"कोणती काढू?"

"नळीत जो पुढे आहे, त्याची. वायर हातात धरून वरपर्यंत जा आणि त्याच वायरीचा प्लग काढा. बोट सोडू नका."

इंजिन चालू केलं. गाडी खर्जात वरखाली होऊ लागली. मिस्त्रींनी हातमोजा घातला, पुढच्या सेन्सरची वायर बोटात धरली आणि बोट सरकवत वर नेलं. सरळ, वहीच्या रेघेसारखं. टक् असा आवाज झाला.

स्क्रीनवर खालची रेघ पडली.

डॉक्टरने स्क्रीन उलटा करून पाहिला, मग पुन्हा सुलटा केला. "पुढचा काढला आणि मागचा गेला," तो म्हणाला.

"गेला नाही. तो पुढचाच होता," बायको म्हणाली. "कॉम्प्युटर इतके दिवस डब्याच्या मागच्याला विचारून पेट्रोल सोडतोय. त्याला बातमी कळेपर्यंत गाडी बंद पडणारच. या दोन वायरी अदलाबदल कोणी केल्या?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी लिफ्टच्या खांबाकडे पाहिलं. खांबाला निळा रंग होता, एका ठिकाणी उडालेला.

"काकूंना फोटो दाखवू का?" मिस्त्री हळूच म्हणाले.

"दाखवा," मी म्हणालो. आता लपवायला फारसं काही उरलं नव्हतं.

बायकोने फोटो पाहिला. दोन सरळ वायरी, आवळलेली पट्टी, कोपऱ्यात माझा समाधानी अंगठा. "या आधी एकमेकींवरून जात होत्या?"

"हो," मी म्हणालो. "बरं दिसत नव्हतं. पाण्याच्या नळ्या कधी..."

"अहो, या पाण्याच्या नळ्या नाहीत." तिचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट होतं. "आमच्या बोर्डावर दिवसभर वायरीवरून वायर जायची. एकीचं टोक इथे, दुसरीचं तिथे. संध्याकाळी बोर्ड विणलेल्या पिशवीसारखा दिसायचा. आणि सगळे ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशीच बोलत असायचे." तिने फोन मिस्त्रींना परत दिला. "जशा होत्या तशा लावा."

मिस्त्रींनी पट्टी कापली. दोन्ही प्लग काढले आणि अदलाबदल करून लावले. पुढच्याची वायर मागच्याच्या वायरीवरून आडवी गेली. दिसायला अगदी वाईट. डॉक्टरने दिवा पुसला, इंजिन सुरू केलं. वरची रेघ नाचू लागली. खालची हळूहळू आडवी झाली आणि तिथेच राहिली. इंजिन एका सुरात बसलं. पाहुणा एकदाचा गेला.

"म्हणजे तो पडलेला सेन्सर चांगलाच होता," डॉक्टर म्हणाला.

"म्हणजे मी कबूल केलं ते फुकट," मी म्हणालो.

"तेवढंच फुकट नाही गेलं," बायको म्हणाली आणि किल्ल्यांसाठी हात पुढे केला. घरी तिनेच गाडी नेली. वाटेत एक चढ आहे, तिथे तिने काहीही कारण नसताना गाडी थांबवली. मागच्याने हॉर्न दिला. ती पाच आकडे मोजेपर्यंत थांबली आणि मग पुढे गेली. मी रस्त्याबद्दल मत दिलं नाही.

शुक्रवारी तिने मला मैदानाच्या आत येऊ दिलं नाही. बरोबर मेहुणा होता. मी बाहेर भिंतीपाशी उभा राहिलो. भिंत डोक्याइतकी उंच, पलीकडचं काही दिसत नव्हतं. पण ऐकू येत होतं. खर्जाचा पैसा वसूल झाला तो त्या पंधरा मिनिटांत. वळण मला ऐकू आलं, शंकूंच्या रांगेतली संथ चाल ऐकू आली. मग आवाज थोडा चढला आणि थांबला. चढ होता. मी भिंतीला हात लावून उभा होतो. इंजिन खाली आलं नाही, वर गेलं नाही, एकाच सुरात घुमत राहिलं, इतका वेळ की मला वाटलं परीक्षक तिला तिथेच निवृत्त करतोय. मग सूर भरला, जाड झाला आणि पुढे सरकला.

ती बाहेर आली तेव्हा मेहुणा म्हणाला, "भाऊजी, पास. पण परीक्षक म्हणाला, गाडीचा आवाज जरा जास्तच आहे."

"खर्ज आहे तो," मी म्हणालो.

बायको म्हणाली, "हं."

शनिवारी सकाळी ती बहिणीकडे निघाली. मला सांगितलं, विचारलं नाही. मी टायरची हवा बघायला खाली आलो तर ती म्हणाली, "बघितली मी." मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. गाडी गल्लीतून निघाली, वळली, पहिला सिग्नल, दुसरा. आवाज अजून येत होता. दूर जाताना तो मी पहिल्यांदाच नीट ऐकत होतो. कोणीतरी भाषणापूर्वी घसा साफ करतोय आणि भाषण काही सुरू होत नाही, असा होता तो. मग तोही गेला.

दिवसभर मी अधूनमधून कान देत होतो. दुपारी तिचा फोन आला, पोचले म्हणून. मागून दोघी बहिणींचं हसणं ऐकू आलं आणि मी काही बोलायच्या आत लाइन निघाली. चारला चहा केला. पाच वाजता गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. आज आवाज ऐकू आला की खाली जाऊन फाटक उघडायचं, असं ठरवलं होतं. सहा वाजले. बऱ्याच गाड्या गेल्या, त्यांचा आवाज म्हणजे नुसता आवाज होता.

"इथे काय करताय?" मागून बायको म्हणाली. हातात पिशवी होती.

"तू कधी आलीस?"

"झाली की दहा मिनिटं. फाटक मीच उघडलं."

"गाडी ऐकू आली नाही."

"हं," ती म्हणाली आणि पिशवी ठेवायला आत गेली.

मी खुर्ची उचलली, तेव्हा पायाखाली लक्ष गेलं. कपड्यांच्या दोरीखाली फरशीवर गंजाचा एक लांब लाल पट्टा होता, मध्ये डब्याएवढा फुगलेला. पाइप नव्हता.

"पाइप कुठे गेला?" मी विचारलं.

"जिथला होता तिथे," आतून उत्तर आलं. "सकाळी भाऊ आला होता उचलायला, तुम्ही आंघोळीला गेला होतात. जाताना मिस्त्रींकडे थांबले तासभर. सेन्सर मी धरले होते."

"आणि वायरी?"

"एकमेकींवरून," ती म्हणाली. "कपडे काढून आणा येताना. आता ठेच लागणार नाही."